मायकोफिनॉलिक ॲसिडची चाचणी करताय? या चुका टाळा

१८९३ साली इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी पेनिसिलियम बुरशीतून हे आम्ल स्फटिकरूपात वेगळं केलं आणि त्यानं अँथ्रॅक्सच्या जिवाणूंची वाढ रोखली जाते हे दाखवलं. पेनिसिलिनच्या पस्तीस वर्षं आधी! आज मात्र ते प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला वापरतात. एकाच रेणूत इतके गुण असले, की चाचणीचा निकाल वाचताना हमखास घोळ होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेशी कमी दिसल्या की त्या मेल्या असं धरून चालणं. हे आम्ल आयएमपीडीएच या विकराला (एन्झाइमला) अडवतं. त्यामुळे डीएनएचा कच्चा माल असलेली ग्वानीन न्यूक्लिओटाइडं कमी पडतात, डीएनए बनत नाही आणि पेशींचं विभाजन थांबतं. एमटीटी या रंगचाचणीत जिवंत पेशींमुळे येणारा जांभळा रंग फिका पडतो, पण तेवढ्यावरून पेशी मेल्या की नुसत्या थांबल्या, हे ठरत नाही. ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघा: निळ्या पेशी मेलेल्या, रंग न घेतलेल्या जिवंत.

त्याच प्लेटमध्ये काही खाचांत (वेल्समध्ये) आम्लासोबत ग्वानोसिन, म्हणजे ग्वानीनचा तयार पुरवठा, घाला आणि नुसत्या ग्वानोसिनचीही एक खाच ठेवा. ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पेशी पुन्हा वाढू लागल्या, तर परिणाम ग्वानीनच्या टंचाईमुळेच आला हे कळतं.

परिणाम दिसतच नाही? आधी पेशींच्या माध्यमातलं सिरम (रक्तातला द्रव भाग) बघा. रक्तात या आम्लाचा सुमारे ९७ टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो, म्हणून सिरमचं प्रमाण बदललं की आकडेही बदलतात. जिवाणूंवर चाचणी असेल तर यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं माध्यम टाळा, त्यातल्या प्युरिनांवर (ग्वानीनसारख्या घटकांवर) जिवाणू तगून जातात. शिवाय त्यांचा आयएमपीडीएच माणसाच्या विकराइतका संवेदनशील नसतो.

आम्ल आणि शरीरात याच आम्लात बदलणारं औषध मायकोफिनोलेट मोफेटिल यांची तुलना वजनावर करू नका. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे आम्लाचे सुमारे ३१ मायक्रोमोलर, मोफेटिलचे मात्र २३. आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकातून घालताना खाचेत स्फटिक दिसले तर तो निकाल बाद समजा. कंट्रोललाही (आम्ल न घातलेल्या खाचेलाही) तेवढंच डीएमएसओ हवं.

ग्वानोसिन देऊनही पेशी सावरल्या नाहीत, तर नमुन्याची शुद्धता तपासा. पेनिसिलियमच्या अर्कात दुसरी विषंही असू शकतात.