नव्या सुनेसाठी किंवा जावयासाठी फिलिपिनो घरचं जेवण कसं घालावं

माझं सासर फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीचं. दीर, नणंदा, चुलत-मावस भावंडं असा मोठा गोतावळा आहे. घरात नवी सून किंवा नवा जावई आला की पहिलं मोठं जेवण आमच्याकडे, हे आता न विचारताच ठरतं. या जेवणासाठी इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात, त्या पाहून मला वैताग येतो. आदोबो (व्हिनेगर-सोया सॉसमधलं मांस), सिनिगांग (चिंचेचं आंबट सार), लुंपिया (स्प्रिंग रोल), पान्सित (परतलेल्या नूडल्स), कारे-कारे (दाण्याच्या रश्शातलं मांस), लेचे फ्लान (अंड्या-दुधाचं कॅरामल पुडिंग), सगळं म्हणे घरी करा. इथे कुठलंही शहाणं माणूस असं करत नाही. एक पदार्थ घरी मन लावून करायचा, बाकीचं विकत आणायचं किंवा तिता मंडळींना, म्हणजे मावश्या-आत्यांना, वाटून द्यायचं.

पाहुण्याला आधी विचारा. "काय आवडतं?" हे नव्हे, "काय चालत नाही?" हे. नवा माणूस मुसलमान असेल तर डुक्कर नाही, आणि मांसही हलालच. इग्लेसिया नी क्रिस्तो या इथल्या ख्रिस्ती पंथाचा असेल तर दिनुगुआन (डुकराच्या रक्तातला रस्सा) टेबलावर नको, कारण ते लोक रक्त खात नाहीत. अॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती असेल तर डुक्करही नाही आणि कोळंबीही नाही. कोणी भारतीय शाकाहारी येणार असेल तर स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगा. इथल्या भाजीत डुकराचे तुकडे किंवा कोळंबी असतेच, आणि तसल्याच पिनाकबेतला लोक बिनधास्त "भाजी" म्हणतात. शेंगदाण्याची अॅलर्जीही विचारून घ्या. ती असेल तर पुढचा कारे-कारेचा सगळा भाग सोडा आणि सिनिगांग करा.

विकत काय आणायचं: पान्सित मोठ्या बिलाओमध्ये (बांबूच्या गोल सुपात), लेचोन (अख्खं भाजलेलं डुक्कर) शहरातल्या ला लोमा भागातून किलोवर, लेचे फ्लान ज्या तिताला जमतं तिच्याकडून. भात पंधरा माणसांना दोन किलो तांदळाचा. उरला तर सकाळी लसूण घालून सिनांगाग, म्हणजे परतलेला भात, होतो.

कारे-कारे मात्र घरी. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच्या रश्शानं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मांसाचं काम आदल्या दिवशीच उरका. गुराच्या शेपटीचे सांध्यावर कापलेले दोन किलो तुकडे आणि किलोभर वजरी घ्या. शेपटीला एक उकळी आणून ते पाणी फेकून द्या. मग नव्या पाण्यात कांदा आणि मिरे घालून मंद आचेवर तीन तास, मांस हाडावरून सुटायला लागेपर्यंत शिजवा. वजरी वेगळ्या पातेल्यात, आलं आणि थोडं व्हिनेगर घालून. एकत्र शिजवली तर सगळ्या रश्शाला तिचा वास लागतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की चरबी वर गोठते. ती काढा, फोडणीपुरती दोन चमचे ठेवा. शेपटी शिजवलेलं पाणी टाकू नका, रस्सा त्याचाच होतो.

आता रस्सा. चारशे ग्रॅम शेंगदाणे भाजून, सोलून, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटा. बरणीतलं पीनट बटर वापरू नका. त्यात साखर असते, मीठ असतं, आणि ताज्या भाजलेल्या दाण्याचा वास त्याला कधीच येत नाही. अर्धी वाटी तांदूळ कोरडाच, भाजणीला भाजतो तसा खरपूस भाजा, बारीक दळा आणि चाळून घ्या. चाळला नाही तर रस्सा कचकचतो. कॉर्नफ्लोअरचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. रस्सा बुळबुळीत होतो, आणि दुसऱ्यांदा गरम केला की पातळ पडतो.

चरबीत लसूण-कांदा परता. आत्सुएतेच्या (लाल रंग देणाऱ्या अॅनाटोच्या) तीन चमचे बिया कपभर गरम पाण्यात चोळून, गाळून ते लाल पाणी ओता. त्याहून जास्त बिया नकोत, कडवट मातकट चव येते. मग दोन लिटर रस्सा, दाण्याचं वाटण आणि मांस. कडेला तेल दिसू लागलं की दाणा शिजला. तांदळाचं पीठ यानंतर घालायचं, तेही थंड रश्शात कालवून, एकेक डाव करत. इथून पुढे पातेल्यापाशीच उभं राहायचं, कारण ते बघता बघता तळाला लागतं आणि करपट वास काही केल्या जात नाही. आच मंद ठेवा, पळी तळापासून फिरवा, कच्च्या पिठाची चव जाईपर्यंत पंधरा मिनिटं. हवा त्यापेक्षा थोडा पातळ असतानाच गॅस बंद करा. टेबलावर पोचेपर्यंत तो आणखी दाटतो.

मीठ घालायचं नाही. चव बघून तुमचा हात मिठाकडे जाईल, आणि मराठी हात असेल तर तिखट, गूळ, चिंच यांच्याकडेही. तो आवरा. खारटपणा बागोओंगचा असतो, आणि तो ज्याचा त्याने ताटात घ्यायचा. बागोओंगमधला आलामांग म्हणजे आपला जवळाच, फक्त वाळवण्याऐवजी मिठात मुरवलेला. लसूण, कांदा, टोमॅटो, जरा व्हिनेगर, जरा साखर घालून तो चांगला परता. चव बघायची तर भातावर रस्सा घेऊन त्याला कणभर बागोओंग लावून बघा, नुसता रस्सा चाखून काही कळत नाही.

केळफूल, वांगी, चवळीच्या लांब शेंगा आणि पेचाय (एक पालेभाजी) वेगळ्या उकडून वाढताना वर ठेवा. शाकाहारी पाहुण्यासाठी भाज्यांचंच छोटं पातेलं वेगळं करा, आणि त्यात मात्र मीठ घाला.

टेबलावर. सहाला बोलावलंत तर सातला माणसं येतील. नव्या माणसाला आधीच सांगून ठेवा की आत आल्यावर लोलो-लोलाचा (आजोबा-आजीचा) हात कपाळाला लावायचा. प्रार्थनेआधी ताटाला हात लावायचा नाही, आणि पहिल्यांदा थोडंच वाढून घ्यायचं, कारण प्रत्येक तिता येऊन आणखी वाढणारच. त्याला लोलाशेजारी बसवा. "बाळ कधी?" विचारणाऱ्या तितोपासून (काका-मामापासून) लांब. ओळख करून देणारं भाषण नको. व्हिडिओके (कराओके) जेवणानंतरच, आणि नव्या माणसाला पहिलं गाणं म्हणायला लावू नका.

निघताना प्रत्येकाला डबा. झाकणाचे प्लास्टिकचे डबे आधीच आणून ठेवा, नाहीतर तुमची चांगली भांडी कायमची जातात. लेचोनची कुरकुरीत साल वेगळी बांधा आणि बागोओंग छोट्या डबीत वेगळं द्या. कारे-कारे उद्या घट्ट होईल, गरम करताना अर्धी वाटी पाणी घालायला सांगा.