मेडिकल जेनेटिक्सकडे वळायचंय? पुण्यातल्या रेसिडेंटसाठी

मेडिकल जेनेटिक्समध्ये (आनुवंशिक आजारांची शाखा) डीएम किंवा डीआरएनबी, म्हणजे पीजीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी, करायची तर आधी पेडियाट्रिक्स, मेडिसिन किंवा गायनॅकमधलं पीजी हातात हवं. दोन्ही कोर्स तीन-तीन वर्षांचे. यंदा कोणत्या शाखा पात्र आहेत हे सिनिअरच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. जागा देशात मोजक्याच आहेत: लखनौचं संजय गांधी पीजीआय, दिल्लीचं एम्स, हैदराबादचं निम्स, मणिपालचं कस्तुरबा आणि डीआरएनबीसाठी दिल्लीचं सर गंगाराम ही त्यातली ठळक नावं. म्हणजे तीन वर्षं पुणे सोडायची तयारी ठेवूनच या वाटेला लागावं.

नीट-एसएसमध्ये (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) 150 प्रश्न आणि 150 मिनिटं. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. पेपर तुमच्या मूळ शाखेचा असतो, आणि नेमकं इथेच उत्साही मुलं फसतात: वर्षभर जेनेटिक्स वाचतात आणि स्वतःच्या विषयात गुण घालवतात. रँक मूळ विषयावरच लागते. एम्ससाठी आयएनआय-एसएस ही वेगळी प्रवेश परीक्षा, वर्षातून दोनदा.

जेनेटिक्सची खरी तयारी मात्र वॉर्डातच होते, आणि ती वंशावळीपासून सुरू होते. तीन पिढ्या काढायच्या, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, हे पुस्तकात असतं. विचारायचं कसं ते नसतं. "नात्यात लग्न झालंय का?" या प्रश्नाला सर्रास "नाही" असं उत्तर येतं, कारण मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रीतीतच बसतं, घरच्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. त्याऐवजी बाईंना विचारा, "लग्नाआधी सासूबाईंना काय म्हणायचात?" उत्तर "आत्या" आलं की रेघ दुहेरी झाली. मग माहेरचं आणि सासरचं मूळ गाव विचारा. गाव एकच निघालं तर नातं माहीत नसलं तरी असण्याची शक्यता धरावी. "मुलं किती?" यावर फक्त हयात मुलं मोजली जातात. "दिवस किती वेळा राहिले?" असं विचारलं तर गर्भपात आणि दुसऱ्या दिवशी गेलेलं बाळ, दोन्ही कळतं. हा प्रश्न सासूसमोर नको, बाईंना वेगळं बसवून विचारा.

दुसरी गोष्ट नमुन्याची. डीएनए तपासणीसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, कॅरिओटाइपसाठी (गुणसूत्रांची तपासणी) हिरव्या टोपणाची सोडियम हेपॅरिन. दोन्हींत 2 ते 4 मिली रक्त. अदलाबदल झाली की काम बिघडतं. कॅरिओटाइपला जिवंत पेशी वाढवाव्या लागतात आणि ईडीटीएत त्या नीट टिकत नाहीत. उलट हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) अडथळा करतं. हेपॅरिनची ट्यूब बर्फाला थेट लावू नका, फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. शनिवारी संध्याकाळी रक्त काढून कुरिअरला दिलं तर सोमवारपर्यंत पेशी मरू शकतात, म्हणून असं रक्त आठवड्याच्या पहिल्या दिवसांत काढावं. बाळाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं. अशा वेळी आईवडिलांची तपासणी करणं सोपं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे, तुलनेनं जास्त आहेत आणि पिंपरीत या समाजाची मोठी वस्ती आहे, त्यामुळे पुण्यात हा प्रसंग येणारच. वाहक शोधताना एक लक्षात असू द्या: लोहाची कमतरता असली की एचबीए2 (वाहकांत वाढलेला हिमोग्लोबिनचा प्रकार) थोडं खाली येतं आणि वाहक सुटू शकतो.

तिसरी, कोणती तपासणी कधी. आजकाल सगळ्यालाच एक्झोम (जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणारी तपासणी) पाठवतात, ते चूक आहे. एसएमएमध्ये (स्नायू दुबळे करणारा आजार) एसएमएन1 आणि एसएमएन2 ही जनुकं इतकी सारखी की साध्या एक्झोममध्ये डिलिशन (गळालेला तुकडा) निसटतं, तिथे एमएलपीए (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी). डूशेनमध्ये (स्नायू झिजण्याचा आजार) बहुतेक मुलांत डिलिशन किंवा ड्युप्लिकेशन (दुप्पट झालेला तुकडा) असतं, तिथेही आधी एमएलपीए. फ्रॅजाइल एक्समधली (मतिमंदतेचा एक आनुवंशिक आजार) डीएनएच्या तुकड्याची वाढलेली पुनरावृत्ती एक्झोम पकडत नाही. एक्झोम पाठवलंच, तर फॉर्मवर नुसतं "विकास मंद" लिहून भागत नाही. डोक्याचा घेर, स्नायूंचा ताण, फिट कितव्या महिन्यात सुरू झाल्या, एमआरआयत काय दिसलं, हे सगळं लिहा. विश्लेषक याच माहितीवरून जनुकांतल्या हजारो बदलांतून चाळणी लावतो.

रिपोर्टमध्ये बदलांचे पाच वर्ग असतात. मधला, अर्थ अनिश्चित असलेला व्हीयूएस, सगळ्यांत जास्त गोंधळ करतो. त्याच्या जोरावर गर्भाची तपासणी करू नये आणि गर्भपाताचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. आईवडिलांचे नमुने लावा, नंतर पुन्हा अर्थ तपासा.

गर्भाची तपासणी करायची तर कुटुंबातला नेमका बदल गर्भधारणेआधी माहीत हवा. कोरिऑनिक व्हिलस (वारेचा तुकडा) 11 ते 14 आठवड्यांत, ॲम्निओ (गर्भाभोवतीचं पाणी) साधारण 16 आठवड्यांनंतर, 15 ते 20 मिली. सोबत आईची ईडीटीए ट्यूब द्याच, नाहीतर नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्यात का हे कळत नाही. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखाली केंद्राची नोंदणी, फॉर्म एफ (तपासणीची नोंद) आणि बाईला समजेल त्या भाषेतली फॉर्म जी संमती लागते. फॉर्म एफमधल्या रिकाम्या रकान्यानंही अडचण होते, म्हणून तो स्वतः वाचून मगच सही करा. गर्भाचं लिंग तोंडानं, खुणेनं, कशानंच सांगायचं नाही.

नोकरी तीन ठिकाणी: मोठ्या रुग्णालयात कन्सल्टंट, फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाची तपासणी-उपचार) टीममध्ये, किंवा प्रयोगशाळेत रिपोर्ट बघणं. एका कुटुंबाला पाऊण ते एक तास लागतो, त्यामुळे नुसत्या ओपीडीवर सुरुवातीला घर चालवणं अवघड. प्रयोगशाळेची जोड असलेली बरी. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएममध्ये हे काम पूर्वीपासून चालतं, पीजी करताना तिथे काही दिवस बसायची परवानगी मागून बघा. 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण राज्यातलं ठरलेलं केंद्र मुंबईचं केईएम आहे. चिठ्ठीवर "केईएम, परळ, मुंबई" असं पूर्ण लिहा. नुसतं "केईएम" लिहिलंत तर पुण्यातलं कुटुंब रास्ता पेठेत जाऊन उभं राहील.

आईवडील दोघंही वाहक असले की प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारांत एक असते, आणि सल्ला देताना सगळ्यांत जास्त घोळ "चारांत एक" या शब्दांनीच होतो. एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगलीच होतील, असा अर्थ घरचे काढतात. दोन नाणी त्यांच्याच हातात द्या, एक आईचं, एक वडिलांचं, आणि पाच-सहा वेळा उडवायला सांगा. छापा म्हणजे सदोष जनुक; दोन्ही छापे आले की आजार. आणि प्रत्येक खेपेला नाणी नव्यानंच उडतात. मग मराठीत एक पानाचं पत्र द्या: आजाराचं नाव, सापडलेला बदल, पुढच्या खेपेला कोणती तपासणी कितव्या आठवड्यात आणि दिवस राहिल्यावर फोन कुणाला करायचा.