दोन कॉम्प्युटर, एक लॅन केबल: नेट नसतानाही फाइली हलवा

घरात नवा लॅपटॉप आला की जुन्या डेस्कटॉपवरचं सगळं त्यात टाकायचं काम निघतं: लग्नाचे फोटो, सातबारा आणि पीककर्जाच्या कागदांचे स्कॅन, पोरांचे प्रोजेक्ट. हे सगळं ऑनलाइन चढवून पुन्हा उतरवायचं म्हटलं तर मोबाइलचा रोजचा डेटा सकाळीच संपेल. पण फाइली या खोलीतून त्या खोलीतच जायच्या आहेत, त्यासाठी नेट लागतच नाही.

चार-पाच जीबी असेल तर पेनड्राइव्ह बरा. त्याच्यापुढे तो रडवतो. साध्या यूएसबी २ च्या पेनड्राइव्हवर सेकंदाला ५-६ एमबी लिहिलं जातं, म्हणजे ५० जीबीला अडीच तास, उतरवायचा वेळ वेगळा. लग्नाच्या व्हिडिओची एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असली तर जागा असूनही ती घेत नाही; एफएटी ३२ फॉरमॅटची ती मर्यादा आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर घेतो, मात्र त्यात पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं.

लॅन केबल घ्या, कॅट ५ ई किंवा कॅट ६, दोन-तीन मीटर. तालुक्याच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर सोबत घ्या. दोन्ही टोकांना यूएसबीची पिन असलेली साधी वायर मात्र चुकूनही लावू नका. दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर येतात, फाइल तर जात नाहीच, पोर्ट जळायची भीती.

केबल थेट एकातून दुसऱ्यात लावा. पोर्टजवळचे दिवे लागले पाहिजेत. दोन्ही मशीन फार जुन्या असतील तर साध्या केबलवर दिवे लागत नाहीत, तिथे क्रॉसओव्हर केबल (एका टोकाच्या तारा अदलाबदल करून जोडलेली) लागते. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट एका बाजूला जरी असला तरी साधीच चालते. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, म्हणजे ५० जीबीला सव्वा तास. दोन्हीकडे गिगाबिट असेल तर केबल वाट पाहत बसते, जुनी हार्डडिस्क मागे पडते.

आता दोन्ही मशीनना आयपी पत्ते द्यायचे, म्हणजे एकमेकांना ओळखायचे आकडे. विंडोज आणि आर एकत्र दाबून एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा. ‘इथरनेट’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग आयपी व्हर्जन ४. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे कोरा सोडा. घरच्या वायफायचे पत्ते बहुधा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने सुरू होतात. तेच आकडे इथे वापरले तर मशीन गोंधळते, म्हणून ५० घेतलं.

जुन्या कॉम्प्युटरवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, ‘शेअर धिस फोल्डर’वर टिक. परवानगी फक्त ‘रीड’ पुरे, कारण ओढून घेणारा नवा आहे. बहुतेकांचं घोडं पुढच्या जागी अडतं. थेट जोडलेल्या केबलला विंडोज ‘अनोळखी नेटवर्क’ (अनआयडेंटिफाइड नेटवर्क) समजून पब्लिक गटात टाकतं आणि फायरवॉल दार लावून घेते. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये पब्लिकखाली ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा.

नव्यावर पुन्हा विंडोज आणि आर, दोन उलट्या तिरप्या रेषा (एंटरजवळचं बटण) आणि त्यापुढे १९२.१६८.५०.१. नाव-पासवर्ड विचारेल, तो जुन्या मशीनचा द्यायचा. तिथे पासवर्डच ठेवलेला नसेल तर रिकामा चालत नाही. आधी एक ठेवा. चार आकडी पिनही चालत नाही, पासवर्डच हवा.

सुरू करण्याआधी दोन्हीकडची स्लीप बंद करा. कट कधी करू नका, कॉपीच करा. लाइन जायची वेळ ठरलेली असते, ती पाहूनच बसा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर मधेच बंद पडणार. लाइन आल्यावर पुन्हा कॉपी लावली की ‘स्किप’चा पर्याय येतो आणि आधीच्या फाइली टाळल्या जातात. इथे एक खोच आहे. लाइन गेली तेव्हा जी फाइल चालू होती ती पूर्ण आकाराची दिसूनही आतून फाटलेली असू शकते. म्हणून ‘डेट क्रिएटेड’ने क्रम लावून शेवटच्या पाच-दहा फाइली नव्या मशीनवरून काढून टाका, मग स्किप करा. ‘डेट मॉडिफाइड’ पाहू नका, ती मूळ फाइलचीच तारीख दाखवते.

संपल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवा. जुळले नाहीत तोवर जुन्यातलं काही पुसू नका.

मराठी अर्ज, पत्रिका, ग्रामसभेचे ठराव श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केले असतील तर नव्यात उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नाही, फॉन्ट नाही इतकंच. जुन्याच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून ते फॉन्ट कॉपी करून नव्यात राइट क्लिक, इन्स्टॉल. युनिकोडमध्ये लिहिलेलं आपोआप दिसतं.

काम झालं की पब्लिकचं शेअरिंग बंद करा आणि दोन्ही मशीनचा आयपी पुन्हा ‘आपोआप घ्या’वर न्या. नाहीतर पुढे फायबरचा डब्बा लॅनने जोडाल तेव्हा नेट येणार नाही, आणि दोष डब्ब्याला लागेल.