नोकरी गेली त्या आठवड्यातले कागद, आणि एक वही

जून २०२३. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होतो, नऊ वर्षं सात महिने. मंगळवारी एचआरने बोलावून सांगितलं, शुक्रवार शेवटचा दिवस. घरी सांगितलं तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या पगाराच्या स्लिपा कुठे आहेत?" सगळ्या कंपनीच्या पोर्टलवर. आणि ते शुक्रवारी बंद होणार होतं.

बुधवारी मी दुसरं काही केलं नाही. स्लिपा, फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र, पगारवाढीची पत्रं, सगळं स्वतःच्या मेलवर घेतलं. पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) उघडला तर त्याला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. तो बदलून घेतला. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत चढली का, हेही नंतर बघत राहा. ती नसली की पैसे नव्या खात्यात वळवताना काम अडतं.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेचा, हिशेब स्वतः करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. २०२३ च्या नियमाने शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून येणारा आकडा भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. माझे २६,००० होते, म्हणजे दहा वर्षांचे दीड लाख. कंपनीच्या कागदावर नऊच वर्षं होती. मी नियम दाखवला, त्यांनी दुरुस्ती केली. न विचारता सही केली असती तर १५,००० रुपये गेले असते. कंपनीचा मेडिक्लेमही शेवटच्या दिवशी संपतो. घरात आजारी माणूस असेल तर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीची चौकशी आधीच करा.

मग नव्या नोकरीच्या अर्जांसाठी वही. शंभर पानी, साधी. तारीख, कंपनी, पद, कोणाच्या ओळखीने, कोणता रेझ्युमे पाठवला, किती पगार सांगितला. तीन आठवड्यांनी रांजणगावच्या एका कंपनीसाठी कन्सल्टंटचा फोन आला, तेव्हा मी मंडईत होतो. "अर्ध्या तासात करतो" म्हणून घरी आलो, पान काढलं. तिथे पाठवलेल्या रेझ्युमेत पीपीएपीचं (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याचं) काम वर होतं आणि अपेक्षा साडेआठ लाखांची लिहिली होती. माझ्या डोक्यात त्या दिवशी साडेसात बसलं होतं, कारण आदल्या दिवशी दुसऱ्याला तेच सांगितलेलं. पान समोर नसतं तर मी स्वतःचाच एक लाख कमी केला असता.

'रजिस्ट्रेशन फी' मागणारे दोन फोनही आले. नोकरीसाठी कोणालाही एक रुपया देऊ नका, कितीही घाई असली तरी.

सप्टेंबरमध्ये रांजणगावला रुजू झालो. पहिल्याच दिवशी आधीच्या पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा (टीडीएस) तपशील नव्या कंपनीला दिला. हे राहिलं की दोन्हीकडे सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना कराची मोठी रक्कम अंगावर येते.