काचबिंदूच्या लेझरला जाण्याआधी

या लेझरने गेलेली नजर परत येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधी कळू द्या. थेंब, गोळ्या, कधी ऑपरेशन करूनही डोळ्यातलं प्रेशर उतरत नाही, तेव्हा डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीचा काही भाग डायोड लेझरने शेकून निकामी करतात. उरलेली नजर टिकावी, ठणका थांबावा, एवढ्यासाठीच हे.

फाईलमध्ये आधीची प्रेशरची नोंद, शुगर आणि बीपी हवंच. थेंबांची चिठ्ठी पुरत नाही, चालू बाटल्याच पिशवीत आणा. लेझरच्या दिवशीही सकाळचे थेंब घालायचे. वेगळं सांगितलं असेल तरच थांबा. डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन असतं, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आठवडाभर आधी सांगा, मनाने बंद करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा त्रासही सांगा, कारण डायमॉक्स ही डोळ्याचं प्रेशर उतरवणारी गोळी सगळ्यांना चालत नाही. उपाशी यायचं का, हे भुलीवर ठरतं. आदल्या दिवशी विचारून घ्या. शुगरचा पेशंट उगाच उपाशी राहिला तर टेबलावरच चक्कर येते.

बुबुळाच्या कडेला पांढऱ्या भागावर प्रोब, म्हणजे लेझरची पेनासारखी कांडी, टेकवून साधारण दोन-दोन सेकंदांचे पंधरा-वीस ठिपके देतात. घड्याळातल्या तीन आणि नऊची जागा सोडतात, तिथून नसा जातात. आतून ‘टप्प’ आवाज आला तर पॉवर कमी करतात. घाबरू नका, हलू नका.

अक्कलकोट-बार्शीहून सोलापूरला येणाऱ्यांनी सोबत माणूस आणावा. डोळ्यावर पट्टी, त्यात दुसरा डोळाही अधू असेल तर एकट्याने एसटी पकडणं धोक्याचं. दुसऱ्या दिवशी तपासणीला बोलावलं असेल तर रात्री सोलापुरातच मुक्काम करा. पहिल्या रात्री डोळा ठणकतो. गोळी निघतानाच मागून घ्या.

लेझरनंतर सूज उतरायला देतात त्या स्टेरॉइडच्या थेंबांत बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन असतं. ते तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. दोन औषधांत पाच मिनिटं सोडा. एप्रिल-मेच्या उन्हात बाटल्या गाडीच्या डिकीत नकोत. काचबिंदूचे थेंब डॉक्टर सांगेपर्यंत चालूच ठेवा. लेझरचा खरा परिणाम चार-सहा आठवड्यांनी दिसतो, आणि काहींना पुन्हा लेझर लागतं.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, उलट्या झाल्या किंवा नजर एकदम घटली तर त्याच दिवशी दाखवा. लेझर न झालेला डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागला तर महिने उलटून गेले असले तरी थांबू नका. क्वचित होतं, पण उशीर झाला तर तो डोळाही जाऊ शकतो.