‘पर्यंत’ म्हणजे बाय की अंटिल? मराठीतूनच ओळखायच्या खुणा

इंग्रजीतले सारखे वाटणारे शब्द जोडीजोडीने पाठ केले तर परीक्षेपुरते टिकतात, बोलताना पुन्हा घोळ होतो. बोलताना डोक्यात आधी मराठी शब्द येतो, आणि तो बहुतेकदा एकच असतो. म्हणून सुरुवात मराठीकडून करा. वाक्य जरा वेगळ्या मराठी शब्दांत म्हणून बघा. ते कसं फिरतं यावरून इंग्रजी शब्द ठरतो.

सगळ्यात महाग पडते ती ‘बाय’ आणि ‘अंटिल’ची जोडी. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’, दोन्हीकडे ‘पर्यंत’. पहिलं वाक्य ‘उशिरात उशिरा शुक्रवारी द्या’ असं फिरवता येतं, म्हणून तिथे ‘बाय फ्रायडे’. दुसरं ‘शुक्रवार येईतोवर थांबा’ असं फिरतं, कारण थांबणं मधले सगळे दिवस चालूच असतं. तिथे ‘अंटिल फ्रायडे’. ही चाचणी ‘च्या आत’ लावून करू नका. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटलं की काहीजण गुरुवारच धरतात. ‘बाय फ्रायडे’त मात्र शुक्रवार धरलेला असतो.

अदलाबदल झाली तर व्याकरण चुकत नाही, अर्थच उलटतो. ‘आय विल बी इन पुणे बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी किंवा त्याआधी मी पुण्यात पोचलेलो असेन. ‘बाय’च्या जागी ‘अंटिल’ घातलं की शुक्रवारनंतर मी पुण्यात नाही. शनिवारची भेट ठरवणाऱ्याला यातलं कुठलं ऐकू गेलं, त्यावर सगळं अवलंबून. रजेच्या अर्जात तर नुसतं ‘अंटिल मंडे’ लिहूच नये. सोमवारी कामावर येणार की मंगळवारी, यावर वाद होतो. पहिली आणि शेवटची तारीख लिहा आणि कामावर हजर होण्याची तारीख वेगळी द्या.

याच घरातला दुसरा घोळ ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ यांचा. ‘आय विल कॉल यू इन टू डेज’ याचा अर्थ दोन दिवसांनी फोन करेन. दोन दिवसांत केव्हाही करेन असं म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’. एखादं काम संपायला लागलेला वेळ सांगताना मात्र ‘इन’ म्हणजे सरळ ‘त’: ‘आय फिनिश्ड इट इन टू डेज’.

‘पासून’चं सोपं आहे. मागे सुरू झालेली गोष्ट अजून चालू असेल, तर ‘पासून’च्या आधी काय आलंय ते पाहा. 2019, सोमवार, लग्न असा सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’. पाच वर्षं, दोन तास असं मोजमाप असेल तर ‘फॉर’. खरी चूक क्रियापदात होते. मराठीत ‘काम करतोय’ म्हणून भागतं, त्यामुळे तोंडात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ बसलेलं असतं. यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.

‘बघणे’चे तीन तुकडे होतात. ‘दिसणे’ चालत असेल तर ‘सी’, ‘च्याकडे बघणे’ असेल तर ‘लुक ॲट’, ‘बघत बसणे’ किंवा ‘लक्ष ठेवणे’ असेल तर ‘वॉच’. त्यामुळे फळ्याकडे ‘लुक ॲट’, मॅच आणि टीव्ही ‘वॉच’, आणि धुक्यात समोरची गाडी ‘सी’. सिनेमाला ‘सी’ आणि ‘वॉच’ दोन्ही चालतात. डॉक्टरांना आपण ‘दाखवतो’, पण इंग्रजीत ‘शो’ नाही, ‘सी अ डॉक्टर’. हाच नियम कानालाही लावा: ऐकू येणं ‘हिअर’, लक्ष देऊन ऐकणं ‘लिसन टू’. लिसनपुढचा ‘टू’ खाऊ नका.

उलट ‘टेल’पुढे ‘टू’ घालू नका. ‘मला सांग’मधला ‘ला’ आपल्याला ‘टेल टू मी’कडे ढकलतो. बरोबर ते ‘टेल मी’. ‘से’ला मात्र माणूस जोडायचा तर ‘टू’ लागतो: ‘शी सेड इट टू मी’. ढोबळ खूण अशी: ‘सांगणे’ असेल तर ‘टेल’, ‘म्हणणे’ असेल तर ‘से’.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’मध्ये मराठी तुमच्या बाजूने आहे. उसनं देणं ‘लेंड’, उसनं घेणं ‘बॉरो’. पेन मागताना ‘कॅन यू बॉरो मी’ असं येतं, कारण क्रिया समोरच्याची की आपली हे आधी ठरलेलं नसतं. ‘कॅन यू’ने सुरुवात केलीत तर ‘लेंड मी युअर पेन’. ‘कॅन आय’ने केलीत तर ‘बॉरो युअर पेन’. भाड्याच्या घराला ही सोय नाही: घेणारा आणि देणारा दोघंही ‘रेंट’. देणाऱ्याचं स्पष्ट करायचं असेल तर ‘रेंट आउट’ म्हणा.

काही शब्द इथे चालतात आणि बाहेरगावी अडतात. ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे घर कुठे, हे मुंबईत सगळ्यांना कळतं. लंडनमध्ये याचं उत्तर बहुधा हॉटेलचं नाव येईल. कायमच्या राहण्याला तिथे ‘लिव्ह’. (स्कॉटलंडमध्ये मात्र ‘स्टे’ आपल्यासारखंच वापरतात.) क्लासमधलं ‘सर, आय हॅव अ डाउट’ हेही तसंच. परदेशी सहकाऱ्याला ते ‘तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही’ असं ऐकू येऊ शकतं. विचारायचंच असेल तर ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘डाउट’ राखून ठेवा, खरंच विश्वास बसत नसेल तेव्हासाठी.