जनरल मन्रोचं चरित्र लिहायचंय? बेळगावच्या किल्ल्यापासून सुरू करा

माझी भाची खानापूरला नववीत शिकते, तिला शाळेनं प्रोजेक्ट दिला, एकोणिसाव्या शतकातल्या एका सेनापतीचं जीवन आणि कारकीर्द. तिनं ईस्ट इंडिया कंपनीचा जनरल थॉमस मन्रो घेतला, कारण बेळगावचा किल्ला त्यानंच घेतला होता. दोन दिवसांत दहा पानं भरून वही घेऊन आली, जन्म, भरती, बढती, लढाया, मृत्यू, सगळं ओळीनं. वाचताना मला कंटाळा आला नाही, वाईट वाटलं, कारण आपल्या बेळगावबद्दल त्यात दीडच ओळ होती. मग आम्ही ती वही परत पहिल्यापासून केली, ती कशी केली ते इथं लिहितोय, कुणाच्या पोराला उपयोग होईल.

पहिलं काम म्हणजे माणूस नक्की कोणता ते ठरवा. मन्रो नावाचे तीन-चार जण आहेत आणि घोळ तिथंच होतो. भाचीच्या वहीत लिहिलेलं की मन्रो बक्सारची लढाई जिंकला. मी विचारलं, जन्म कधीचा? म्हणाली १७६१. बक्सार कधी? १७६४. तीन वर्षांचं पोर लढाई कसं जिंकेल गं? मग तिच्याच लक्षात आलं, म्हणाली, "मामा, हा वेगळा आहे की!" तो हेक्टर मन्रो. तिसरा जॉन मन्रो, तो त्रावणकोरचा रेसिडेंट, म्हणजे तिथल्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी. आपला तो थॉमस, जन्म २७ मे १७६१, ग्लासगो. पानिपत झालं त्याच सालचा जन्म, असं लक्षात ठेवलं की साल कधी चुकत नाही. प्रत्येक घटनेपुढं त्याचं वय लिहायची सवय लावा, निम्म्या चुका आपोआप सापडतात.

मग गाव धरा, जन्मापासून सुरू करूच नका. बेळगावच्या बस स्टँडवरून किल्ला पायी जाण्यासारखा आहे, एक सकाळ काढून जाऊन या. दारातल्या दुर्गादेवीला नमस्कार करा आणि आत शिरायच्या आधी खंदकाच्या कडेला नुसतं पाच मिनिटं उभं राहा. आता गवत वाढलंय, पण रुंदी बघा, खोली बघा, वरची भिंत बघा, आणि मग डोक्यात आणा की २० मार्च ते १० एप्रिल १८१८, ऐन उन्हाळ्यात एकवीस दिवस हा किल्ला लढला. आत पेशव्यांचं साधारण सोळाशे माणूस होतं. आणि तेव्हा बाहेर काय चाललेलं? पुणं गेलेलं, सातारा गेलेला, फेब्रुवारीत आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, दुसरा बाजीराव पेशवा पळत होता, म्हणजे मदत कुठूनच येणार नव्हती. तरी एकवीस दिवस! हे जनरलच्या चरित्रात यायलाच पाहिजे, नाहीतर त्यानं किल्ला घेतला म्हणजे नक्की काय केलं ते कळतच नाही. आत कमल बसदी आणि सफा मशीदही बघून या. लष्कराची ऑफिसं आहेत तिथं विचारूनच फोटो काढा.

आता तिथून मागं जा. हा माणूस इथंवर आला कसा? १७८० ला मद्रासला कंपनीच्या पायदळात कॅडेट म्हणून आला, वय अठरा, आणि लगेच हैदर अलीशी लढाई सुरू. पण पुढची बरीच वर्षं याच्या हातात तलवारीपेक्षा जमिनीचा हिशेबच जास्त होता. १७९२ पासून बारामहाल (आताच्या तमिळनाडूतला मुलूख), १७९९ ला टिपूचं श्रीरंगपट्टण पडल्यावर कानडा जिल्हा (कर्नाटकची किनारपट्टी), १८०० ते १८०७ बळ्ळारी-कडप्पाकडचा मुलूख. रयतवारी म्हणतात ती पद्धत, म्हणजे मधला जमीनदार न ठेवता शेतकऱ्याकडून थेट सारा घ्यायचा, तिच्याशी याचं नाव जोडलंय ते यामुळंच. यावर एक पान द्या, कारण आपल्याकडची त्याची लढाई यातूनच समजते. १८१७ ला ब्रिगेडियर जनरल करून धारवाडकडं पाठवला तेव्हा फौज अगदी थोडी होती, म्हणून त्यानं इथलेच प्यादे भरती केले, गावोगावी आपले अंमलदार बसवले आणि पेशव्यांचा वसूलच तोडला. पैसा थांबला की फौज थांबते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बदामी, बागलकोट, मग बेळगाव, मग मे महिन्यात सोलापूर, हा रस्ता नकाशावर पेन्सिलीनं काढा, तारखा पाठ करायची गरजच उरत नाही.

माहितीसाठी बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या जुन्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथाचा, बेळगावचा खंड बघा, २१ वा, १८८४ चा. फक्त सर्च करताना जुनी नावं टाका, धारवाडला धारवार, सोलापूरला शोलापूर, नाहीतर हाती काही लागत नाही. आणि कानडी गावांची नावं शेजारच्या कानडी माणसाकडून एकदा म्हणून घ्या, इंग्रजीवरून वाचली तर चुकतात.

शेवट थोडक्यात आटपा. १८२० ला मद्रासचा गव्हर्नर झाला, ६ जुलै १८२७ ला आताच्या आंध्रातल्या पत्तीकोंड्याला कॉलऱ्यानं गेला, चेन्नईत त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याला रिकीब नाही, पोरांना हे आवडतं.

पण वही तिथं बंद करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. बेळगावच्या वेढ्यात कित्तूरच्या देसायांनी मन्रोला मदत केली होती, त्याबदल्यात वर्षाला पावणेदोन लाख खंडणी ठरवून संस्थान त्यांच्याकडं ठेवलं. सहा वर्षांनी, १८२४ ला, तेच देसाई मूल नसताना वारले, तर कंपनीनं त्यांचा दत्तक मुलगा वारस म्हणून मानलाच नाही आणि कित्तूरवर फौज आणली. कित्तूरची राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली, २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या लढाईत सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो पडला, तो आपल्या जनरलचा पुतण्या. हा चौथा मन्रो. काका तेव्हा मद्रासला गव्हर्नर होता.

भाचीनं कित्तूरच्या वाड्याचा फोटो बरोबर बेळगावच्या किल्ल्याच्या फोटोसमोरच्या पानावर चिकटवला, खाली निळ्या पेनानं १८१८ आणि १८२४ एवढंच लिहिलं, वही उघडली की दोन्ही एकदम दिसतात.